हात बोलत नसतो

भंडाऱ्याला कचेरीच्या रस्त्यावर माझ्या भावाचं टायपिंगचं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर अर्ज घेऊन बसणाऱ्यांसाठी लाकडी बाक. जिल्हा एक होता तोवर गोंदियाकडची माणसंही कागदपत्रांसाठी इकडेच येत. तेव्हा दादाकडे दोन टाइपरायटर होते आणि त्याला जेवायला सवड मिळत नसे. मी शिक्षण संपवून दुकानात बसायला लागले तोवर जिल्हा फुटून काही वर्षं झाली होती. सकाळची गर्दी सरली की दुपारी दोन ते चार दुकानात कुणी फिरकत नसे. त्या दोन तासांत आम्ही लढाई खेळायचो.

आम्ही म्हणजे तिघं. दादा, मी आणि दादाचा शाळेपासूनचा मित्र. तो मित्र वरठीला पोलादाच्या कारखान्यात होता. पहिली पाळी सुटली की अंगावरच्या काळ्या धुळीसकट मोटरसायकलवर थेट दुकानात यायचा. मी त्यांना भाऊ म्हणायची. तिन्ही कॉम्प्युटर एका वायरने जोडलेले होते. खेळ सुरू झाला की प्रत्येकाला नकाशात एक छोटं गाव मिळे, थोडी माणसं आणि थोडं धान्य. त्या माणसांकडून लाकूड तोडून घ्यायचं, शेती करवायची, सोनं खणायचं, त्यातून भालेवाले आणि घोडेस्वार उभे करायचे आणि दुसऱ्याचं गाव पाडायचं. सगळं एकाच वेळी चाललेलं. कुणी कुणासाठी थांबायचं नाही. ज्याचा हात जलद त्याचं राज्य.

आणि दादाचा हात फार जलद. मराठी टायपिंगमध्ये त्याच्या तोडीचं कचेरीत कुणी नव्हतं. बाबा घरी मागावर लुगडी विणायचे. ते म्हणायचे, हा मागावर बसला असता तर धाग्याचा धोटा पळताना दिसलाही नसता.

पण दादाला जिंकण्यापेक्षा नियमांची हौस जास्त. तिघं खेळले की एक गोष्ट ठरलेली असते: दोघं मिळून तिसऱ्याला आधी संपवतात. मी नवी होते, कच्ची होते, म्हणून दोघंही आधी माझ्या गावावर यायचे. तिसऱ्या दिवशी मी खेळायलाच बसले नाही, प्रिंटरमध्ये कागद भरत राहिले. दादाने तिथल्या तिथे नियम काढला. पहिली वीस मिनिटं कुणी कुणावर चालून जायचं नाही, आणि दोघांनी एकाच गावावर एकदम पडायचं नाही.

"अबे, मंग लढाई कायची? हे तं पंगत झाली," भाऊ म्हणाले.

"जिंकलेल्याले मजा आली पाहिजे," दादा म्हणाला, "आन् हरलेल्याले उद्या पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे. हे उद्या आलीच नाई तं कोणासंगं खेळशीन?"

असे नियम वाढत गेले. एका राजवटीचे धनुर्धारी फारच भारी होते, ती राजवट कुणी घ्यायची नाही असं ठरलं. एखाद्याच्या गावाजवळ सोन्याची खाणच आली नाही तर पहिल्या पाच मिनिटांत बोलायचं, म्हणजे नकाशा बदलायचा. नंतर तक्रार चालणार नाही. सगळ्यात मोठा वाद झाला तो भारनियमनाचा. लाइन गेली की माझं आणि भाऊंचं मशीन बंद पडे. दादाच्या मशीनला बॅटरी होती, कारण गिऱ्हाइकांचं काम त्यावर असायचं. आम्ही दोघं गायब झालो की त्याच्या स्क्रीनवर विजयाचे नगारे वाजायचे. दादाने पहिल्याच दिवशी बॅटरीचा तो फायदा बाजूला सारून सांगितलं की असा डाव धरायचा नाही, जिंकत असो की हरत असो, दुसऱ्या दिवशी नव्याने मांडायचा. एकदा तर तो माझं शेवटचं घर पाडत होता तेव्हा लाइन गेली. मी म्हटलं, हा तुझाच डाव होता. तो म्हणाला, "लाइनीनं जिंकून देलं ते माहं नाई."

ते सगळे नियम त्याने सुबक टाइप केले आणि भिंतीवर कॅलेंडरशेजारी चिकटवले. अर्ज द्यायला येणारी माणसं ते सरकारी सूचना समजून वाचायची.

दादाच्या हाताचं मला सगळ्यात आधी कळलं. कुणी सांगितलं नाही, खेळताना कळलं. त्याचे घोडेस्वार पूर्वी माझ्या गावाच्या कडेला दिसले की क्षणात तीन बाजूंना फुटत. आता ते येऊन उभे राहू लागले. घोडे उभे, भालेवाले उभे, आणि हुकूम येईपर्यंत माझी माणसं त्यांना कापून काढायची. दादा म्हणाला माऊस खराब झाला. नवा माऊस आणला. मग म्हणाला टेबल उंच आहे. मग खुर्ची बदलली. पण एक दिवस एका बाईच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज तो टाइप करत होता, आणि मी पाहिलं की तो उजव्या हाताची दोनच बोटं वापरतोय. बाकीची बोटं तळव्याकडे मिटून घेतली होती, थंडी वाजल्यासारखी. काही दिवसांनी शर्टाची वरची बटणं आई लावून देऊ लागली.

त्या वेळी त्याच्यासाठी मुली पाहणं चालू होतं. पवनीकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी तीनदा बोलावून तपासण्या केल्या आणि मग बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हा नसांचा आजार आहे, हातापासून सुरू होतो, पुढे पाय, मग बोलणं, गिळणं. औषध नाही. बाबांनी परतीच्या बसमध्ये दादाला काहीच सांगितलं नाही, पण दादाने आधीच डॉक्टरांना विचारलं होतं. त्यानेच घरी येऊन आम्हाला सांगितलं. आणि पवनीला निरोपही त्यानेच पाठवला.

दुपारचा खेळ मात्र बंद पडला नाही. तो म्हणाला, दुकान चालू तोवर खेळ चालू.

मग मी त्याला जिंकू देऊ लागले.

हे मी ठरवून केलं असंही नाही. पहिल्यांदा फक्त माझं सैन्य उशिरा पाठवलं. पुढच्या वेळी भिंतीचं एक दार उघडं ठेवलं. मग सवयच लागली. भाऊसुद्धा तेच करत होते, हे मला त्यांच्या खेळावरून कळत होतं. पण आम्ही एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. दादा जिंकायचा आणि आम्ही "वा, वा" करायचो. त्याचा चेहरा खुलायचा असं मला तेव्हा वाटायचं. आता आठवून पाहते तेव्हा तो चेहरा खुललेला दिसत नाही. तो काहीतरी तपासत असलेला दिसतो.

खेळ संपला की स्क्रीनवर एक तक्ता यायचा. कुणी किती लाकूड तोडलं, किती सैन्य उभं केलं, कुणाचे किती मेले. आम्ही तो तक्ता पाहायच्या आत बंद करू लागलो होतो. एक दिवस माझा हात पोचायच्या आधी दादा म्हणाला, "थांब. राहू दे."

तो वाकून वाचत राहिला. बराच वेळ. भाऊ त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते, दुकानात आम्ही दोघंच.

"तुह्यापाशी चाळीस घोडे होते," तो म्हणाला.

मी खुर्ची मागे सरकवली.

"चाळीस. एकही मेला नाई. मी धा पायदळ घेऊन तुहं गाव पाडलं, आन् चाळीस घोडे किल्ल्यामागं उभे. कायले ठेवले होते? वरातीले?"

"मले ध्यान नव्हतं, दादा."

"खोटं नको बोलू बाई. तू मले जिंकू देऊन राहिली."

मी म्हटलं, "मंग काय झालं? तुले बरं वाटलं पाहिजे म्हणून केलं."

तो एकदम उठला. "मी मेलो नाई अजून," तो म्हणाला, "मेल्यावर वाहा फुलं." आणि मशीनच्या मागे जाऊन खेळाची वायर ओढायला लागला. त्या वायरीच्या टोकाला एक छोटी पट्टी असते, ती अंगठ्याने दाबल्याशिवाय वायर निघत नाही. त्याच्या अंगठ्यात ती दाबण्याइतका जोर नव्हता. तो ओढत राहिला. मशीन हललं, टेबल हललं, वायर निघाली नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. पुढे होऊन काढून द्यावी की नको, हे मला कळेना. काढून दिली असती तरी चूक होती, नाही दिली तरी चूक होती. शेवटी तो खाली बसला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू घरी जा."

तीन आठवडे कुणी खेळलं नाही. तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. भाऊंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुन्हा माहाही आहे." एक दिवस पाळी सुटल्यावर ते आले, दादासमोर बाकावर बसले आणि सरळ म्हणाले, "मीही सोडून देत होतो. माफ कर. आता सांग, कसं खेळाचं?"

दादा म्हणाला, "सूट द्याची असंन तं उघड द्या. कागदावर लिवून द्या. किती देली ते मले मालूम असलं पाहिजे. चोरून देलेली सूट म्हंजे भीक होय."

मग आम्ही पुन्हा नियम लिहायला बसलो. आधी खेळाचा वेग कमी करून पाहिला. दादाला तो पुरेना आणि भाऊंना जांभया येत. मग मला आणि भाऊंना एकच हात वापरायची अट घातली. चार दिवसांनी दादानेच ती मोडली. म्हणाला, तुमचा धड हात बांधून ठेवण्यात मला काय मिळालं? खेळ तुमचाही आहे ना.

शेवटी तोडगा त्यानेच काढला. त्याने भाऊंना म्हटलं, "तू माहा हात हो."

म्हणजे दादा शेजारी बसून बोलणार आणि भाऊ माऊस चालवणार. विरुद्ध बाजूला मी एकटी, पूर्ण ताकदीने. त्या दिवशीच नवा कागद टाइप झाला. मी टाइप केला, दादाने सांगितलं. सांगितलं तेवढंच हाताने करायचं. हाताने सल्ला द्यायचा नाही. हाताला काही दिसलं तरी बोलायचं नाही, खाकरायचं नाही, मान वळवायची नाही.

"अन् तुह्या गावाले आग लागली तं?" भाऊंनी विचारलं.

"मले दिसली तं विझवू. हात बोलत नसतो."

मला वाटलं होतं हे दोन दिवस चालेल. ते सात-आठ महिने चाललं. भाऊ रोज भट्टीसमोर उभा राहणारा माणूस, आडदांड, बोलका. ते तोंडाला कुलूप लावून बसायचे. "चार माणसं लाकडाले," दादा म्हणायचा, की चार माणसं लाकडाला. "भालेवाले पुलावर. नाई, अलीकडं. हाव, तिथं." हुकूम द्यायला वेळ लागतो म्हणून दादा आता पुढचं आधी ठरवायचा. मी काय करणार हे तो माझ्याआधी ओळखायचा. पूर्वी तो हाताने जिंकायचा. आता मला पहिल्यांदा त्याच्या डोक्याशी लढावं लागत होतं आणि मला ते जड जात होतं. चारच्या आधीच अर्ज घेऊन बाकावर येऊन बसलेले दोनचार लोक काम विसरून आमच्याकडे पाहत राहायचे.

त्यातला एक दिवस मी कधी विसरणार नाही. मी सगळं सैन्य पुलावर आणलं, ढोल बडवत आणल्यासारखं, आणि पंधरा घोडे गुपचूप जंगलातून फिरवून त्याच्या गावामागे नेले. दादाची नजर पुलावर. पण नकाशाच्या कोपऱ्यात माझे घोडे ठिपक्यांसारखे सरकताना दिसत होते, आणि ते भाऊंना दिसले. मला हे कळलं, कारण त्यांचं माऊस धरलेलं मनगट ताठ झालं. मी समोरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कपाळावरून घाम कानापर्यंत आला तरी पुसला नाही. दादा म्हणत होता, "पुलावर अजून धा पाठव," आणि ते पाठवत होते. गाव रिकामं होत होतं आणि ते आपल्या हाताने रिकामं करत होते.

माझ्याही मनात आलं, घोडे परत फिरवावेत. आतापर्यंत कितीदा फिरवले होते. मी ओठ चावला आणि हल्ला केला. पाच मिनिटांत दादाचं गाव गेलं.

दादा तक्ता पाहत राहिला, मग भाऊंकडे वळला.

"तुले दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"कवा?"

"ते जंगलात शिरले तवाच."

"आन् बोलला नाई."

"नियम होता," भाऊ म्हणाले, आणि आता कुठे कपाळावरचा घाम पुसला.

दादा हसायला लागला. त्या आजारात हसू आलं की आवरत नाही, रडूही तसंच. तो हसत हसत रडायला लागला आणि पुन्हा हसला. मग मला म्हणाला, "आज तुनं खरं मारलं. किती दिवसानं हारलो मी." मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. आत येऊन पाहते तर दोघंही नेहमीसारखे चहा पीत होते. भाऊ कप त्याच्या ओठाला लावत होते, आणि दादा आपलं कुठे चुकलं ते समजावून सांगत होता.

पुढे त्याची जीभ जड झाली. शब्द एकमेकांत मिसळू लागले. तो "घोडे" म्हणायचा, भाऊंना "थोडे" ऐकू यायचं, आणि थोडी माणसं भलतीकडे जायची. भाऊ कळवळून म्हणायचे, हा डाव धरू नका, चूक माझी. दादा हळूहळू, एकेक अक्षर काढत म्हणाला, "हाताची चूक माहीच चूक." आम्ही कान देऊन ऐकायचो. हुकुमांमधलं अंतर वाढत गेलं. आणि मग असं व्हायला लागलं की दादाने तोंड उघडायच्या आत भाऊंचा माऊस हललेला असायचा. इतके महिने शेजारी बसून त्याचं मन त्यांना पाठ झालं होतं. मला ते चांगलं वाटलं. दादाला नाही वाटलं.

एका दुपारी त्याने खुणेनेच डाव थांबवायला सांगितला. त्याला जे बोलायचं होतं ते बोलायला खूप वेळ लागला, आणि आम्ही मध्ये शब्द पुरवले नाहीत, कारण ते त्याला आवडत नसे. तो म्हणाला, "आता हे मी नाई खेळून राहिलो. तू खेळून राहिला." भाऊंनी मान हलवली, नाही नाही म्हणाले. दादा म्हणाला, "बस. चांगलं झालं. बस आता."

खेळ त्याने स्वतः बंद केला तो असा. वायर मी काढली. त्याने सांगितलं म्हणून काढली.

त्यानंतर चार महिने तो घरीच होता. बाबांनी त्याची खाट मागाच्या खोलीत हलवली, म्हणजे दिवसभर कुणीतरी जवळ असेल. भाऊ पाळी सुटली की येत, त्याचे पाय दाबत, कारखान्यातल्या गोष्टी सांगत. पौषात एका सकाळी आई पेज भरवायला गेली तेव्हा तो गेलेला होता. वैनगंगेवर त्याला नेलं. तिरडीचा पुढचा डावा खांदा भाऊंनी घरापासून घाटापर्यंत कुणाला बदलू दिला नाही.

दुकान वर्षभर मी चालवलं. त्याचे दिवस झाल्यावर एकदा भाऊ दुपारी आले. आम्ही दोघांनी वायर पुन्हा जोडून मशीन सुरू केलं, गावं मिळाली, लाकूड तोडायला माणसं पाठवली. दहा-बारा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की ते मला सोडून देताहेत. आणि त्यांच्याही लक्षात आलं असावं की मीही तेच करतेय. दोघांचंही सैन्य आपापल्या गावात नुसतं उभं. ते उठले, म्हणाले, "येतो बाई." पुन्हा आम्ही खेळलो नाही. माझं लग्न तुमसरला झालं, आणि दुकान दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात भाऊ मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तुमसरला आले. केस पिकले होते, एका कानाने कमी ऐकू येत होतं. चहा झाला, घरच्यांची चौकशी झाली, तरी उठेनात. मग खाली पाहत म्हणाले, "एक सांगाचं राहून गेलं. मीनं एक डाव त्याले चोरून देला होता."

मला आधी समजलंच नाही.

"मी त्याचा हात झाल्यावर. शेवटाशेवटाले. तुहे लोक दारापाशी आले, त्याले दिसले नाई. मीनं न सांगता दार लावलं. फक्त एक दार. तू हारली त्या दिवशी. त्यानं तक्ता पायला, माह्याकडं पायलं, काही बोलला नाई." ते थांबले. "त्याले समजलं होतं काय? घरी कधी काही बोलला होता काय तो?"

शेवटच्या दिवसांत मी एकदाच हरले होते, म्हणून मला तो दिवस आठवत होता. दादा त्या संध्याकाळी घरी येऊन, जड जिभेने, एकेक शब्द सोडवत बाबांना सांगत होता की आज मी जिंकलो, ही पूर्ण ताकदीने खेळत असताना हिला हरवलं. बाबा माग थांबवून ऐकत बसले होते. आई म्हणाली, यानं आज भाकर जास्त खाल्ली.

मी भाऊंना हे सगळं सांगितलं. त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. मग पत्रिका टेबलावर सरळ ठेवून, चपला घालून निघाले. मी सांगितलं ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.